समतोलाचा भ्रम : ऐतिहासिक कादंबरीतील अद्भुत आणि संबंधांचे वास्तव

१

ऐतिहासिक कादंबरीविषयीच्या मराठी चर्चेत 'समतोल' या शब्दाला नको तितकी प्रतिष्ठा मिळाली आहे. इतिहासाचे वास्तव आणि कल्पनेचे अद्भुत यांचा समतोल लेखकाने साधला आहे, असे म्हटले की परीक्षणकर्त्याचे काम संपते. तो ढळला आहे, असे म्हटले की वाद सुरू होतो. हा वादही ठरलेल्या वळणाने जातो. इतिहासाचे अभ्यासक पुरावा मागतात, कादंबरीकार 'कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे' असे उत्तर देतात, आणि वाचक दोघांचाही मान राखून पुढची आवृत्ती विकत घेतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडला गेला आहे. वास्तव आणि अद्भुत ही तागडीच्या दोन पारड्यांत घालून सारखी करायची द्रव्ये नव्हेत. एखाद्या कृतीत वास्तव किती आहे याची मोजदाद निष्फळ असते. ते कोठे आहे आणि अद्भुताने कोणती जागा व्यापली आहे, याचा शोध घेतला तरच त्या कृतीविषयी काही बोलता येते.

यासाठी वास्तवाचे दोन थर वेगळे करावे लागतील. पहिला तपशिलांचा : तिथ्या, वंशावळी, पत्रांचे मायने, दागिने, पागोट्यांचे प्रकार, तोफांची नावे, गडांच्या वाटा. दुसरा संबंधांचा : कोण कोणाच्या कष्टावर जगतो, सारा कोणाकडून वसूल होतो आणि तो कोठे जातो, बाईचे लग्न कोणाच्या सोयीने ठरते, चाकर धन्याशी एकनिष्ठ का राहतो आणि केव्हा राहत नाही, रानावर हक्क कोणाचा. मराठी ऐतिहासिक कादंबरीने बहुधा पहिल्या थरावर अपार कष्ट घेतले आणि दुसऱ्या थराच्या जागी अद्भुत आणून बसवले. पागोटे खरे, पण ते घालणाऱ्याचा रयतेशी असलेला संबंध मनाने रचलेला, अशी ही रचना आहे. तिला समतोल म्हणणे म्हणजे पारड्यात काय घातले आहे ते न पाहता काटा तेवढा पाहणे होय.

२

या स्थितीची मुळे मराठी कादंबरीच्या आरंभकाळातच सापडतात. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' १८५७ ची. तिच्यात रचलेपणा भरपूर आहे, प्रचारही आहे. पण विधवेचा तिच्या घराशी आणि समाजाशी असलेला संबंध तिने झाकलेला नाही. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८६८ मध्ये, नारो सदाशिव रिसबूड यांनी 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत वेगळाच पवित्रा घेतला. आपल्या लोकांच्या नित्याच्या जगण्यात वाचकाला गुंतवील असे काही नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो, असा त्या प्रस्तावनेचा आशय आहे. रिसबूडांवर पुढे टीका पुष्कळ झाली, परंतु त्यांचा प्रामाणिकपणा नाकारता येणार नाही. आपण अद्भुत लिहीत आहोत हे त्यांना ठाऊक होते आणि ते त्यांनी वाचकाला सांगितले.

रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या 'मोचनगड'ने १८७१ मध्ये ऐतिहासिक कादंबरीची वाट खुली केली. या वाटेचे मोल मोठे आहे. पण तिच्यावरून पुढे गेलेल्या अनेकांना रिसबूडांसारखे कारण देण्याची गरज उरली नाही, हीही वस्तुस्थिती आहे. अद्भुताला भूतकाळाचा पत्ता मिळाला. जे आज घडणे अशक्य, ते शिवकाळात किंवा पेशवाईत घडले असे म्हणता येऊ लागले, आणि त्यावर बखरीचा शिक्काही मारता येऊ लागला.

भालचंद्र नेमाडे यांनी 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' या तीन कृतींच्या नावांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्ती वेगळ्या केल्या. या वर्गीकरणाचे ऋण कोणी नाकारणार नाही. मात्र आपल्या वर्गांत आणि प्रबंधांत ते ज्या रीतीने वापरले जाते, त्याने एक सोपा निकाल रूढ झाला आहे : अद्भुत म्हणजे 'मुक्तामाला', आणि 'मुक्तामाला' म्हणजे हीन. या निकालामुळे दोन गोष्टी नजरेआड होतात. 'मोचनगड'च्या नावावर जमा केलेल्या पुष्कळ कादंबऱ्या म्हणजे ऐतिहासिक वेष घेतलेली 'मुक्तामाला'च आहे, ही पहिली. अद्भुत हे स्वभावतःच वास्तवाचे वैरी नाही, ही दुसरी.

येथे राजवाडे आठवतात. वि. का. राजवाडे यांनी १९०२ साली 'कादंबरी' हा निबंध लिहिला आणि अद्भुत व वास्तव या दोन्ही वृत्तींचा विचार जागतिक कादंबरीच्या पटावर केला. अस्सल साधनांसाठी आयुष्य वेचणारा हा इतिहाससंशोधक अद्भुताला केवळ पोरखेळ मानत नव्हता. १९२६ मध्ये धुळ्यात त्यांचा अंत झाला. त्यांचे दप्तर तेथील संशोधन मंडळाने जपले. नंतरच्या कादंबरीकारांनी राजवाड्यांनी छापलेली पत्रे उचलली. त्यांचा निबंध मात्र तेथेच राहू दिला. तपशिलांचे वास्तव घेतले आणि त्यामागचा विचार सोडला, याचा याहून नेमका दाखला शोधण्याची गरज नाही.

३

रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) ही या परंपरेतील सर्वांत यशस्वी कृती. १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, आणि तिच्या गद्याची मोहिनी आजही ओसरलेली नाही. म्हणूनच तिची परीक्षा केली पाहिजे. दुबळ्या पुस्तकांना झोडपण्यात शौर्य नाही. 'स्वामी'चे भावकेंद्र माधवराव आणि रमाबाई यांच्या सहजीवनात आहे आणि तिचा शेवट १७७२ मधल्या थेऊरच्या सहगमनात. तपशील निर्दोष मानले तरी येथे काय घडते ते पाहावे. सती जाणे ही धर्म, कुल, वारसा आणि स्त्रीदेहावरची सत्ता यांनी बांधलेली संस्था. कादंबरीत ती प्रेमाची परिपूर्ती होऊन येते. घटना इतिहासातली आहे, तिच्यामागचा संबंध मात्र अद्भुतात विरघळून गेला आहे. वाचकाच्या डोळ्यांत पाणी येते आणि प्रश्न पुसला जातो.

दुसरे उदाहरण या लेखकाच्या पायांखालचे आहे. सावदे हे गाव १७६३ मध्ये निजामाकडून पेशव्यांकडे आले आणि पुढे लवकरच सरदार रास्त्यांना दिले गेले. रास्ते घराण्याची मुलगी पेशव्यांना दिलेली होती याचाही उल्लेख गॅझेटियरमध्ये या नोंदीच्या जोडीनेच येतो. गोपिकाबाई, म्हणजे माधवरावांच्या मातोश्री, रास्त्यांच्याच माहेरवाशीण. सोयरिकीचे एक टोक शनिवारवाड्यात आणि दुसरे तापीकाठच्या काळ्या जमिनीत, असा हा संबंध आहे. 'स्वामी'चा काळ नेमका हाच. वाड्यातील समया ज्या वसुलीच्या तेलावर जळत होत्या, ती वसुली करणारी आणि भरणारी माणसे कादंबरीच्या परिघाबाहेर राहतात. प्रत्येक कादंबरीने प्रत्येक गावाची दखल घ्यावी, अशी मागणी येथे नाही. वाड्यातील मायलेकरांचे, नवराबायकोचे संबंध ज्यांनी घडवले त्या जमिनीला वगळून ते संबंध रंगवले, तर ते केवळ सुंदर होतात आणि खरे राहत नाहीत, एवढाच मुद्दा आहे.

परंपरेत अपवाद नाहीत असे नाही. ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ' (१९७२) मध्ये प्रेमकथा आहेच, पण मस्तानीला पंक्तीबाहेर ठेवणारी समाजरचना त्या प्रेमाइतकीच ठळक आहे. विश्वास पाटील यांच्या 'पानिपत'मध्ये (१९८८) सैन्याची उपासमार शौर्याच्या शेजारी उभी राहते. ही दोन्ही पुस्तके जेथे बळकट आहेत, तेथे ती संबंधांच्या थरावर बळकट आहेत.

४

आपल्या वादाचे स्वरूप दुसऱ्या एका परंपरेच्या आरशात अधिक स्पष्ट दिसते. अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरील घोडेस्वारांची प्रेम-साहसकथा हा तेथील ऐतिहासिक रोमान्सचा सर्वांत लोकप्रिय प्रकार. त्याचा नमुना ओवेन विस्टर यांच्या 'द व्हर्जिनियन'ने घालून दिला. ही कादंबरीही १९०२ चीच. तिच्यातील खोगिरे, कुरणे, धूळ, बोलण्याची ढब यांत खोट काढणे अवघड. नायक गुरे चोरणाऱ्या आपल्याच मित्राला खटल्याविना फाशी देतो आणि त्याचे समर्थन एका न्यायाधीशाच्या तोंडून नायिकेला ऐकवले जाते. या प्रसंगामागे वायोमिंगमधील १८९२ चा संघर्ष उभा आहे : एका बाजूला मोठे पशुमालक, दुसऱ्या बाजूला लहान वसाहतकार. मालकांची बाजू कादंबरीत नीतीचे रूप घेते आणि प्रेमकथा तिच्यावर अक्षता टाकते. 'समतोला'च्या कसोटीवर हे पुस्तक उत्तीर्ण होईल. संबंधांच्या कसोटीवर ते उघडे पडते.

त्याच सीमेची दुसरी कथा मराठी वाचकाला परिचित आहे. कॉनरॅड रिक्टर यांची त्रिखंडी कादंबरी जी. ए. कुलकर्णी यांनी 'रान', 'शिवार' आणि 'गाव' या नावांनी १९६० च्या दशकात मराठीत आणली. सेअर्ड ही निरक्षर बाई अरण्यात येते, झाडे तोडून शेत काढते, शेताचे गाव होताना पाहते आणि म्हातारपणी, ज्यांना तिने आयुष्यभर शत्रू मानले त्या झाडांसाठी झुरते. येथे अरण्य जवळजवळ दंतकथेतले आहे, त्यात हरवलेली बहीणही दंतकथेतल्यासारखीच हरवते. तरी माणूस आणि रान, नवरा आणि बायको, आधी आलेले आणि हुसकले गेलेले यांच्यातील संबंध कठोरपणे खरे आहेत. दंतकथा आणि रूपककथा यांच्या वाटेने स्वतःची कथा नेणाऱ्या जी. एं.ना हे पुस्तक मराठीत आणावेसे वाटले, यातच पुष्कळ काही आले. अद्भुत आणि वास्तव यांना एकमेकांपासून वाचवण्याची त्यांना गरज वाटली नाही.

५

आता खानदेशाकडे वळू. मराठी ऐतिहासिक कादंबरीचा भूगोल पुणे-सातारा-रायगडाभोवती फिरतो. खरोखरीचा सीमाप्रदेश मात्र सातपुड्याच्या पायथ्याशी होता. १८१८ मध्ये थाळनेरच्या किल्लेदाराला इंग्रज सेनापतीने फासावर चढवले. १८२५ पासून जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभी केली आणि धरणगाव हे तिचे ठाणे झाले. वाघाच्या शिकारीने भिल्लांची मने जिंकणारा साहेब, ही औट्रमची प्रतिमा इंग्रजी चरित्रांनी रंगवली. तोही एक रोमान्सच. १८५२ मध्ये जमीनमोजणीच्या विरोधात सावद्याला दहा ते पंधरा हजार लोक जमले आणि ते पांगवण्यास लष्कर आणावे लागले. खाज्या नाईक आधी कंपनीच्या चाकरीत सेंधवा घाटाची वाट राखत होता. १८५७ मध्ये तोच कंपनीविरुद्ध उठला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीची लढाई झाली.

यातले एकेक नाव कादंबरीचे बीज आहे. पण बीज कसे रुजवावे, हा प्रश्न उरतोच. सोपी वाट अशी, की खाज्या नाईकाला गडावरच्या सरदाराची भाषा द्यावी, त्याच्या छातीवर स्वराज्याचा मंत्र कोरावा आणि एका सुंदरीला त्याच्यासाठी झुरायला लावावे. असे झाले तर उपेक्षिताला न्याय मिळाल्याचा गजर होईल आणि प्रत्यक्षात भिल्लाला वाड्याच्या जुन्या साच्यात ओतले जाईल. वाट राखणारा आणि वाट लुटणारा हा एकच माणूस असतो, आणि त्याला असे दुहेरी करणारी व्यवस्था तलवारीइतकीच वहीतून आणि पगारपत्रकातून चालते, हे ज्या कादंबरीत दिसणार नाही, तिने अंबापाणीचा दिवस कितीही अचूक दिला तरी व्यर्थ.

याउलट, समजा कोणी १८५२ च्या सावद्यात एक प्रेमकथा रचली : मोजणीची साखळी घेऊन आलेला परगावचा कारकून आणि ज्या शेतावर ती साखळी पडते त्या शेतातली तरुण विधवा. दोघेही सर्वस्वी कल्पित. ती पाट लावू शकते, त्याच्या जातीत ते चालत नाही. तिच्या प्रेमात पडणे म्हणजे तिच्या दिराला धसरा भरवणाऱ्या आकड्याची आगाऊ खबर तिला देणे. श्रावणात कानबाईचा रोट असताना एका बाईच्या अंगात येते, आणि देवी साखळीविरुद्ध बोलते. खरोखर देवी बोलली की बाईने देवीचा आवाज उसना घेतला, हे लेखकाने सांगूच नये. या रचनेत अद्भुत भरपूर आहे. त्यातला एकही प्रसंग दप्तरात सापडणार नाही. तरीही ही कथा दप्तराच्या अधिक जवळ जाईल, कारण तिच्यातील प्रत्येक भावनेला जमीन, जात आणि सारा यांच्याशी हिशेब द्यावा लागेल.

६

दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला रंजनवाद्यांचा : वाचकाला स्वप्न हवे असते, त्याला साऱ्याचा हिशेब कशाला? स्वप्न हवे असण्यात गैर काहीच नाही. पण स्वप्न हे स्वप्न म्हणून द्यावे, प्रस्तावनेत साधनग्रंथांची यादी जोडून इतिहास म्हणून नव्हे. रिसबूडांनी १८६८ मध्ये दाखवलेली सचोटी आज मागणे अवाजवी नाही.

दुसरा आक्षेप कठोर वास्तववाद्यांचा, आणि तो या लेखकाला अधिक जवळचा आहे : अद्भुताला जागा दिली की पळवाट निघते. परंतु खानदेशातील कानबाईची गाणी, वहीगायन, सातपुड्यातील देवदेवतांच्या कथा यांत अद्भुत ही पळवाट नसते. ज्यांना दप्तरात बोलता आले नाही, त्यांनी आपले अनुभव ज्या रूपात जपले ते हे रूप आहे. ते वगळून केवळ दप्तराला वास्तव मानणे म्हणजे साहेबाच्या आणि सरदाराच्या कारकुनाला इतिहासाचा एकमेव साक्षीदार मानणे होय. भाषेचेही तेच. अहिराणी, लेवा गणबोली, भिली या बोली चार वाक्यांपुरत्या, रंगासाठी वापरून सारे जग प्रमाण मराठीत विचार करते असे दाखवणे, हे कोणत्याही चेटकिणीच्या कथेपेक्षा मोठे अद्भुत आहे. ते आपल्याला खुपत नाही, एवढेच.

तेव्हा समीक्षकांनी आणि संशोधक विद्यार्थ्यांनी 'समतोल' हा शब्द काही काळ तरी बाजूला ठेवावा. ऐतिहासिक कादंबरी हाती आल्यावर तिला तीन प्रश्न विचारावेत : हिच्यात अद्भुताने कोणता संबंध झाकला आहे? कोणता उघड केला आहे? आणि जे कल्पित आहे ते कल्पित म्हणून वाचकासमोर उभे राहण्याचे धैर्य हिला आहे काय? या प्रश्नांपुढे आपल्या आदरणीय कादंबऱ्यांपैकी किती टिकतील, याचा अंदाज बांधण्याचे कारण नाही. ते तपासणे हे आपले काम आहे, आणि ते दीर्घकाळ तुंबले आहे.