एअरगनचा सायलेन्सर आणि उसना अमेरिकी निष्कर्ष

एअरगनच्या नळीच्या तोंडाशी बसणारे, आवाज दाबणारे नळकांडे हौशी नेमबाजांत अनेक नावांनी ओळखले जाते. कुणी त्याला सायलेन्सर म्हणतो, कुणी सप्रेसर, ब्रिटिश वळणाचे लोक मॉडरेटर. अमेरिकेत त्याला ‘एलडीसी’ असेही नाव पडले आहे. विस्तार ‘लेड डस्ट कलेक्टर’, म्हणजे शिशाची धूळ गोळा करणारे उपकरण. छऱ्याचे शिसे नळीत घासले जाते हे खरे, पण ती धूळ साठवण्यासाठी कुणी पैसे मोजत नाही. ‘सायलेन्सर’ हा शब्द जाहिरातीत आणि पावतीवर येऊ नये, एवढाच या नावाचा उपयोग. ही आडवळणी बोली भारतातल्या हौशी मंडळींपर्यंतही पोचली आहे आणि तिच्या पाठोपाठ एक समजूतही आली आहे: एअरगन ही बंदूकच नव्हे, म्हणून तिचा सायलेन्सर कायद्याच्या दृष्टीने सायलेन्सर नव्हे. अमेरिकेत हा युक्तिवाद बऱ्याच अंशी टिकतो. भारतात तो टिकत नाही.

वस्तू काय करते ते आधी पाहिले पाहिजे. पीसीपी, म्हणजे दाबाखालची हवा आधीच भरून ठेवलेल्या एअरगनमध्ये टाकीतला दाब दोनशे बारच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. छऱ्यामागची हवा नळीबाहेर एकदम मोकळी होते आणि फटका ऐकू येतो. नळकांड्यातल्या चकत्या आणि कप्पे त्या हवेला थोडे थोडे पसरू देतात, त्यामुळे फटका मवाळ होतो. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये, जिची नळी दुमडून स्प्रिंग दाबावी लागते, बराचसा आवाज आतल्या पिस्टनच्या धडकेचा असतो. तिथे तोंडाशी नळकांडे लावून फारसे काही साधत नाही. छरा ध्वनीच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४३ मीटरपेक्षा जोरात गेला, तर त्याचा स्वतःचा कडाका वेगळा, आणि तो कोणत्याच सायलेन्सरला आवरत नाही. एअर स्ट्रिपर हा प्रकार निराळा आहे. छऱ्यामागची हवा बाजूला वळवून नेम बिघडू न देणे हे त्याचे काम. श्राउड हे नळीवर चढवलेले बाह्य आवरण. त्यात चकत्या बसवल्या की तेही आवाज दाबू लागते. मग नाव काहीही असो, काम तेच.

‘सायलेन्सर हा सिनेमातला शब्द, खरा शास्त्रीय शब्द सप्रेसर’ हा दावाही वारंवार केला जातो. त्याला इतिहासाचा आधार नाही. मशीनगनचे जनक हायरम मॅक्सिम यांचे पुत्र हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत या उपकरणाचे पेटंट मिळवले आणि ते ‘मॅक्सिम सायलेन्सर’ याच नावाने विकले. १९३४ च्या अमेरिकी नॅशनल फायरआर्म्स ॲक्टमध्येही ‘मफलर’ आणि ‘सायलेन्सर’ हेच शब्द आले. मॅक्सिम यांनी पुढे मोटारींच्या धुराड्यांसाठीही मफलर बनवले. म्हणजे मोटरसायकलच्या नळीला सायलेन्सर म्हणणारा मराठी माणूस मूळ कुळापासून फार दूर नाही. (आपल्याकडे मोटरसायकलचे फटाके फोडणारे सायलेन्सर पोलीस रोलरखाली चिरडतात. तिथे गुन्हा आवाज वाढवण्याचा असतो.)

अमेरिकी कायद्याची मेख एका शब्दात आहे. तिथल्या संघीय कायद्यात ‘फायरआर्म’ म्हणजे स्फोटकाच्या क्रियेने गोळी फेकणारे शस्त्र. हवा स्फोटक नाही, म्हणून एअरगन त्या व्याख्येत येत नाही. सायलेन्सरची व्याख्याही अशा ‘फायरआर्म’चा आवाज कमी करणाऱ्या उपकरणाची आहे. मग एअरगनसाठी बनवलेले नळकांडे दारूच्या बंदुकीलाही लागू शकत असेल तर? ‘अमेरिका विरुद्ध क्रूकर’ या खटल्यात नेमका हाच प्रश्न होता. टपालाने पाठवलेल्या एअर रायफलला घरी बनवलेले नळकांडे बसवलेले होते. आरोपीला शिक्षा झाली. २०१० मध्ये पहिल्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ती रद्द केली. उपकरण बंदुकीचा आवाज दाबू शकते एवढे पुरेसे नाही, ते त्यासाठी वापरण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो, असे न्यायालयाने ठरवले. निकाल तर्काला धरून आहे. नुसती क्षमता हाच निकष धरला तर उशीही सायलेन्सर ठरेल.

पण या निकालातून हौशी मंडळी जो धडा घेतात तो उलटा आहे. हेतू महत्त्वाचा असेल, तर नावाची मखलाशी आरोपीला वाचवत नाही. उलट ती हेतू लपवण्याचा पुरावा म्हणून वाचली जाऊ शकते. ‘सॉल्व्हंट ट्रॅप’, म्हणजे नळी धुताना द्रावण झेलण्याचे साधन, या नावाने विकलेले संच अमेरिकी यंत्रणांनी सायलेन्सर म्हणून जप्त केले आहेत. शिवाय संघीय कायदा सुटला तरी राज्याचा कायदा सुटत नाही. न्यू जर्सीच्या कायद्यात दाबलेल्या हवेने किंवा स्प्रिंगने चालणारी, इजा करू शकणारी बंदूक ‘फायरआर्म’मध्ये मोडते आणि सायलेन्सर बाळगणे गुन्हा आहे. तिथल्या एडिसन परिसरातल्या मराठी घरांनी शेजारच्या राज्यातल्या मित्राचा सल्ला मानण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरचा दोनशे डॉलरचा संघीय कर शून्य झाला, त्यावरूनही निर्बंध उठले असे समजण्यात अर्थ नाही. नोंदणीची अट कायम आहे.

ब्रिटनमध्ये गोंधळ कमी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १२ फूट-पौंडांपर्यंतच्या एअर रायफलला प्रमाणपत्र लागत नाही आणि तिच्यासाठी बनवलेल्या मॉडरेटरलाही लागत नाही. त्यामुळे दुकानदार त्याला उघडपणे मॉडरेटर म्हणतो, धूळ गोळा करण्याच्या गोष्टी सांगत नाही.

भारताच्या शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधल्या ‘अग्निशस्त्र’ या शब्दाची व्याख्या मात्र अमेरिकी व्याख्येहून मुळातच वेगळी आहे. तिच्यात स्फोटकासोबत ‘ऊर्जेच्या अन्य प्रकारां’नी प्रक्षेपक फेकणारी शस्त्रेही येतात. दाबलेली हवा ही ऊर्जाच. त्याच व्याख्येत, गोळीबाराचा आवाज किंवा चमक कमी करण्यासाठी बनवलेली वा बदललेली उपसाधने अग्निशस्त्रांतच मोजली आहेत. म्हणजे ‘एअरगन अग्निशस्त्र नाही’ या अमेरिकी पायरीवर भारतात पाय ठेवताच येत नाही. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या छऱ्याची आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची एअरगन परवान्याशिवाय घेता येते, हे खरे. पण ती सवलत आहे, व्याख्येतून मुक्तता नव्हे. आणि सवलत ज्या वस्तूला दिली तिच्यापुरतीच वाचायची असते. एअरगनची सवलत तिच्या सायलेन्सरलाही आपोआप लागते असे धरून चालणारा खरेदीदार मोठी जोखीम पत्करतो. विक्रेता त्या जोखमीत भागीदार होत नाही; तो एलडीसी असे छापून मोकळा होतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की घराच्या गच्चीवर सराव करणाऱ्याने शेजाऱ्यांना त्रास न देण्यात गैर काय? आक्षेप प्रामाणिक आहे, पण एअरगनचा आपल्याकडचा वापर केवळ गच्चीवरचा नाही. पक्षी आणि लहान वन्य प्राणी टिपण्यासाठी ती सर्रास वापरली जाते. अरुणाचल प्रदेशाने २०२१ मध्ये एअरगन जमा करण्याची मोहीम काढली, तेव्हा गावकऱ्यांनी दोन हजारांहून अधिक एअरगन सरकारकडे दिल्या. जंगलात आवाज हीच वनरक्षकाला मिळणारी पहिली खूण असते, आणि ती पुसणारे साधन विनापरवाना मिळू नये, हेच रास्त. स्पर्धेच्या नेमबाजीला तर त्याची गरजच नाही. दहा मीटर एअर रायफलमध्ये आवाजाचे गुण नसतात.

केंद्रीय गृहमंत्रालयाने शस्त्र नियमांत एक वाक्य घालावे: कमी ताकदीच्या एअरगनला दिलेली सवलत आवाज दाबणाऱ्या उपसाधनाला, ते कोणत्याही नावाने विकले जावो, लागू नाही. अंगभूत श्राउडचाही त्याच वाक्यात उल्लेख हवा, कारण पुढची पळवाट तीच आहे. गच्चीवरच्या सरावाची अडचण सोडवायला वेगळे साधन आहे. स्प्रिंगच्या एअरगनच्या सरावात शेजाऱ्याला पुष्कळदा ऐकू येतो तो पत्र्यावर आपटणाऱ्या छऱ्याचा आवाज. लक्ष्यामागच्या पेटीत जुन्या चिंध्या किंवा मऊ पुट्टी घट्ट भरली की तो बराच कमी होतो, आणि त्या पेटीला परवाना लागत नाही.