बालकांच्या अहवालांत ऐकीव शेरे नकोत

प्रति,
मा. आयुक्त,
महिला व बाल विकास, महाराष्ट्र राज्य, पुणे.

विषय : गृहभेटीच्या नोंदी व सामाजिक तपासणी अहवाल वस्तुनिष्ठ आणि सन्मानपूर्वक लिहिले जाण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे गृहभेटी देऊन अहवाल लिहिणारे बाल संरक्षण क्षेत्रातील कार्यकर्ते आहोत. बाल कल्याण समितीसमोर मूल येते ते थोडाच वेळ. त्याचे घर, गाव, नातेवाईक समितीला दिसतात ते बहुतेक आमच्याच कागदांतून. मूल घरी जाणार की बालगृहात राहणार, हे अनेकदा त्या दोन-तीन पानांवर ठरते. मुलाबाबतच्या कामकाजात दोषारोपाचे शब्द वापरू नयेत, हे तत्त्व बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३ मध्येच आहे. तरीही ‘आईचे वर्तन संशयास्पद’, ‘घरचे वातावरण योग्य नाही’ असे शेरे सर्रास लिहिले जातात. हे कोणी पाहिले, कोणी सांगितले, याचा उल्लेखही नसतो.

एक नेहमीचे उदाहरण देतो. ऊसतोडीच्या हंगामात बीड जिल्ह्यातल्या तांड्यावर गेले की घरांना कुलपे दिसतात. अहवालात जाते : ‘पालक बेजबाबदार, मुलाकडे दुर्लक्ष.’ त्याऐवजी असे लिहिता येते : ‘भेटीच्या वेळी घराला कुलूप होते. मुलगा शेजारी आजीकडे होता, जेवत होता. आजीने सांगितले, तिचा मुलगा व सून मुकादमाकडून उचल घेऊन तोडीला गेले आहेत, पाडव्याच्या सुमारास येतील. आईशी फोनवर बोलणे झाले. मुलाला आजीकडेच ठेवावे, असे तिचे म्हणणे.’ यावरून समितीला निर्णय घेता येतो. आधीच्या शेऱ्यावरून फक्त ग्रह होतो.

म्हणून अहवालात प्रत्यक्ष पाहिलेले, इतरांनी सांगितलेले आणि कार्यकर्त्याचे मत यांसाठी तीन वेगळ्या जागा ठेवाव्यात, आणि मताखाली त्याचे कारण लिहिणे सक्तीचे करावे. ज्याचे म्हणणे नोंदवले, त्याला ते त्याच्या भाषेत वाचून दाखवावे. गोरमाटी किंवा भिली बोलणाऱ्या आईचे म्हणणे दुभाष्यामार्फत घेतले असेल, तर तसे नमूद करावे. मुलाला धोका असेल तिथे मात्र त्याने सांगितलेले घरच्यांपर्यंत जाता कामा नये.

१८७१ च्या कायद्याने काही जमातींवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये रद्द झाला. तरीही पारधी मुलाच्या अहवालात ‘समाजाची पार्श्वभूमी पाहता’ हे शब्द आजही येतात. ते तातडीने थांबवावेत. त्यासाठी प्रशिक्षणाची वाट पाहायला नको, एक परिपत्रक पुरे आहे. मुलांची नावे व फोटो व्हॉट्सॲप गटांवर टाकणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ च्या विरुद्ध आहे, हेही त्यातच स्पष्ट करावे.

कलम ३६ प्रमाणे सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण व्हायला हवी. ही मुदत मुलाच्या हिताची आहे आणि ती आम्हांला मान्य आहे. पण एकाच कार्यकर्त्याकडे अनेक तालुके आणि प्रवासखर्च महिनोन्महिने थकलेला, अशा स्थितीत भेट उरकली जाते आणि जुन्या अहवालातली वाक्ये नव्यात उतरतात. प्रवासखर्च वेळेवर मिळावा, रिक्त पदे भरावीत आणि लेखनाचे प्रशिक्षण खऱ्या, पण ओळख वगळलेल्या अहवालांवर घ्यावे.

चुकीची नोंद दुरुस्त करण्याची सोयही हवी. कुटुंबाने हरकत घेतल्यास ती मूळ अहवालासोबत जोडली जावी.

या मागण्यांवर चर्चेसाठी आम्हांला वेळ द्यावी आणि अहवालाचा सुधारित नमुना ठरवताना गृहभेटी देणाऱ्या कार्यकर्त्यांना सोबत घ्यावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
बाल संरक्षण क्षेत्रातील क्षेत्रीय कार्यकर्ते