पुढचा ब्रेक : पैसे कुठे घालावेत?

गेल्या महिन्यात इंदूरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले. चिरंजीव चोवीस वर्षांचे, नुकतेच नोकरीला लागलेले. जवळपास चारशे सीसीची स्पोर्ट बाइक त्यांनी हप्त्यांवर घेतली आहे. मित्रांबरोबर ते दक्षिणेतल्या एका रेसिंग ट्रॅकवर दिवसभर गाडी चालवायला गेले. पहिल्या चार-पाच फेऱ्या छान झाल्या. पुढच्या फेरीत सरळ पट्टा संपताना ब्रेक दाबला, तर लिव्हर पार हँडलला टेकला आणि गाडी थांबेचना. वळण सोडून गाडी सरळ मोकळ्या मातीत गेली, म्हणून निभावले. आता घरी मागणी आली आहे, की पुढच्या चाकाला मोठे, बाहेरच्या देशातले कॅलिपर बसवायचे आहेत, चाळीस हजार लागतील, निम्मे आईने द्यावेत. भगिनी विचारतात, "पैसे द्यावेत, की गाडीच विकून टाक म्हणावं?"

ताई, दोन्ही करू नका. आधी काय बिघडले होते ते समजून घेऊ. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात त्याचे उत्तर आहे: लिव्हर हँडलला टेकला.

ट्रॅकवर ब्रेक दगा देतो तो मुख्यतः दोन प्रकारांनी. एकात लिव्हर दगडासारखा घट्ट राहतो, पण कितीही दाबला तरी गाडी मंदावत नाही. अशा वेळी ब्रेक पॅड त्यांच्या कुवतीपलीकडे तापलेले असतात आणि डिस्क पकडत नाहीत. दुसऱ्यात लिव्हर मऊ पडतो, स्पंजासारखा दबतो आणि शेवटी हँडलला जाऊन टेकतो. याचा अर्थ ब्रेक ऑइल उकळले. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर बोटाचा जोर नळीतून कॅलिपरपर्यंत पोहोचतो. पण ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले, की बोटाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो. पॅडपर्यंत काही उरत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत हेच घडलेले दिसते. त्याच जुन्या ऑइलवर चाळीस हजारांचे कॅलिपर बसवले, तरी तेही तसेच हँडलला टेकतील.

एवढी उष्णता येते कुठून, असे वाटेल. थोडा हिशेब करू. गाडी आणि पूर्ण पोशाखातला चालवणारा मिळून २५० किलो धरा. ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर यायचे, तर सुमारे १,८५,००० ज्यूल ऊर्जा काढून टाकावी लागते. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे, तर एवढ्या उष्णतेत तीन कप पाणी चहाच्या उकळीला येईल. आणि हे सारे काही सेकंदांत! त्यातला थोडा वाटा समोरचा वारा आणि इंजिन उचलते, बाकीचा बहुतेक पुढच्या डिस्कवर येतो. ब्रेक लागताच वजन पुढे झुकते, मागचे चाक हलके होते; म्हणून जोराच्या ब्रेकिंगमध्ये मागचा ब्रेक नावापुरताच उरतो. शहरात असा ब्रेक दिवसातून एखाद्या वेळी लागतो. ट्रॅकवर एकाच फेरीत तो अनेकदा लागतो आणि डिस्कला निवायला वेळच मिळत नाही.

वेगाचे गणित आणखी कठोर आहे. वेग दुप्पट झाला, की ऊर्जा चौपट होते. म्हणून रोज ऑफिसला जाताना उत्तम चालणारा ब्रेक ट्रॅकवर वीस मिनिटांत हात टेकतो. यात गाडीचा दोष असतोच असे नाही, बहुधा देखभालीचा असतो.

पहिला खर्च : ब्रेक ऑइल

ब्रेक ऑइलच्या बाटलीवर डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ असे लिहिलेले असते. हे तिन्ही प्रकार ग्लायकॉल जातीचे असून हवेतला ओलावा ओढून घेतात. कोकणात पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटते, तसेच समजा. डॉट ४ हे ऑइल नवे असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी शिरले, की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरलेली चालते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. म्हणजे बाटलीवरचे नाव तेच राहते, पण दोन-तीन पावसाळे झाले की आतला माल तो राहत नाही.

मुलाला विचारा, ऑइल शेवटचे कधी बदलले? "गाडी घेतल्यापासून नाही," असे उत्तर आले, तर रोगाचे निदान झाले. हँडलवरच्या डबीची काच पाहा. नवे ऑइल फिकट पिवळसर दिसते, जुने चहासारखे काळपट. रस्त्यावरच्या गाडीत साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. ट्रॅकवर जाणाऱ्याने प्रत्येक वेळी जाण्यापूर्वी बदलावे. सीलबंद बाटलीच घ्यावी, कपाटात वर्षभर उघडी पडलेली नको. एक सावधगिरी मात्र हवी. डॉट ५ (नुसते ५, ५.१ नव्हे) हे सिलिकॉनचे असते, ते इतरांत कधीही मिसळू नये.

ऑइल बदलताना नळीतली हवा पूर्ण निघाली पाहिजे. एबीएस असलेल्या काही गाड्यांत हवा एबीएसच्या खोक्यात अडकते आणि ती काढायला कंपनीच्या वर्कशॉपमधले यंत्र लागते. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे, तेव्हा हे काम कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये उरकण्यापूर्वी चौकशी करावी.

दुसरा खर्च : पॅड

पॅड म्हणजे ब्रेकची चप्पल. कंपनीचे पॅड थंडीत, पावसात, पहिल्याच दाबाला पकडतील असे बनवलेले असतात. ट्रॅकचे पॅड उलट स्वभावाचे असतात. तापल्यावर ते खुलतात, काही शे अंशांवरही पकड सोडत नाहीत, पण थंड असताना आळशी असतात. असे पॅड लावून सकाळी दुधाच्या पिशव्या आणायला निघालात आणि गल्लीतून मूल आडवे आले, तर पहिला ब्रेक कमी पडेल. म्हणून अगदी कडक रेसिंगचे पॅड रस्त्यावर वापरू नयेत. दोन जोड ठेवावेत, किंवा रस्ता आणि ट्रॅक दोन्हींना चालणारे सिंटर्ड जातीचे मधले पॅड घ्यावेत. बाजारात नकली पॅड खूप आहेत, तेव्हा पक्के बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्यावेत.

नवे पॅड लावल्यावर दोन गोष्टी विसरू नयेत. गाडी हलवण्यापूर्वी लिव्हर अनेकदा दाबून घट्ट करून घ्यावा. पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिला दाब रिकामा जातो आणि गॅरेजच्या दारातच अपघात होतात. दुसरी गोष्ट, पॅड आणि डिस्क यांची ओळख होऊ द्यावी. सुरुवातीला हलके, मग हळूहळू जास्त जोराचे ब्रेक लावावेत आणि मधे निवायला अवकाश द्यावा. ही तालीम न झालेले पॅड पहिल्याच फेरीत जाळून घेणारे वीर प्रत्येक ट्रॅकवर भेटतात.

तिसरा खर्च : नळी

रबराची नळी दाबाखाली किंचित फुगते. ती जुनी झाली, की जास्त फुगते. तिच्या जागी आत टेफ्लॉन आणि बाहेर स्टीलच्या तारांची वेणी असलेली नळी बसवली, तर लिव्हर घट्ट आणि नेमका लागतो. गाडी यामुळे फार लवकर थांबते असे नाही, पण किती दाबले आणि किती ब्रेक लागला, हे बोटाला नीट कळते. नळीच्या जोडाजवळचे वॉशर दर वेळी नवेच घालावेत आणि बोल्ट टॉर्क पान्याने कंपनीने सांगितलेल्या मापानेच आवळावेत. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून नळी ताणली जात नाही ना, हे पाहावे.

शेवटचा खर्च : मास्टर सिलिंडर, डिस्क, कॅलिपर

येथे खरा पैसा जातो आणि चुकाही येथेच होतात. "मोठा म्हणजे चांगला," हा समज मास्टर सिलिंडरला लागू नाही. त्याचा पिस्टन मोठा घेतला, तर लिव्हर घट्ट लागतो आणि कमी सरकतो, पण त्याच बोटाच्या जोराने दाब कमी तयार होतो. उलट कॅलिपरचे पिस्टन मोठे घेतले आणि मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला, तर लिव्हर जास्त आत येतो. दोघांची जोडी जमावी लागते. पत्रिका न पाहता लग्न लावले, की निस्तरणे कठीण.

शिवाय हवाय कशाला? आपल्याकडच्या बऱ्याच स्पोर्ट बाइकना मुळातच चार पिस्टनचे रेडियल कॅलिपर येतात. टीव्हीएसच्या अपाचे आरआर ३१० ला ३०० मिलिमीटरची, तर केटीएमच्या आरसी ३९० ला ३२० मिलिमीटरची डिस्क पुढे आहे. दोन्हींवरचे कॅलिपर बायब्रे या नावाचे. इटलीत १९६१ मध्ये सुरू झालेल्या ब्रेम्बो कंपनीचाच हा ब्रँड, आणि त्यांचा कारखाना आपल्या पुण्याजवळ चाकणला आहे! अशा ब्रेकला ताजे ऑइल, योग्य पॅड आणि चांगली नळी दिली, तर नवशिक्याला वर्षानुवर्षे पुरतो. आणि शेवटी गाडीला थांबवतो तो टायर. टायर गुळगुळीत झाला असेल, तर कितीही महाग कॅलिपर चाक घसरवण्यापलीकडे काही करणार नाही.

महाग ब्रेकनेही उष्णतेचा नियम मोडत नाही. २३ ऑगस्ट २०२० रोजी ऑस्ट्रियात मोटोजीपी शर्यतीत माव्हेरिक विन्यालेस या स्पॅनिश खेळाडूचे तापलेले ब्रेक भर सरळ पट्ट्यावर निकामी झाले. ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेग असताना त्याने गाडीवरून मागे उडी टाकली. तो बचावला, गाडी हवा भरलेल्या कठड्यावर आदळून पेटली. जगातला उत्तमोत्तम सरंजाम हाताशी असतानाही ही वेळ आली. फरक एवढाच, की लिव्हर मऊ पडतो आहे हे त्याला आधीच जाणवले होते आणि काय करायचे हे त्याला माहीत होते.

हेच तुमच्या मुलालाही शिकवायला हवे. लिव्हर एक सूत जरी जास्त आत येऊ लागला, तरी हात वर करून फेरी सोडायची, "अजून एकच" म्हणायचे नाही. शेवटची फेरी ब्रेक न लावता, सावकाश काढायची, म्हणजे डिस्क वाऱ्याने निवते. पिटमध्ये आल्यावर तापल्या डिस्कवर ब्रेक दाबून धरायचा नाही.

आता पैशांचे. ऑइल काही शे रुपयांत येते. पॅड आणि नळ्या त्याहून महाग, तरी चाळीस हजारांच्या जवळपासही जात नाहीत. उरलेल्यातून चामड्याचा पूर्ण पोशाख, चांगले हेल्मेट आणि एखाद्या रेसिंग शाळेचा वर्ग करू द्या. कोइमतूर आणि चेन्नईजवळच्या ट्रॅकवर असे वर्ग होतात. ब्रेक कधी आणि किती लावायचा हे शिकलेला मुलगा साध्या ब्रेकवरही सुरक्षित असतो.

दोन कागदी गोष्टी राहिल्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे फेरफार करता येत नाहीत, म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत मोठे बदल करण्यापूर्वी आरटीओत विचारावे. आणि गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत व वेगाच्या चाचण्या धरलेल्या नसतात. ट्रॅकवर मोडलेल्या गाडीचा खर्च बहुधा घरातूनच करावा लागतो, हे मुलाला आधीच स्पष्ट सांगा.

गाडी विकायला मात्र सांगू नका. ज्याला वेगाची हौस आहे, त्याने ती ट्रॅकवर भागवलेलीच बरी. तिथे समोरून ट्रक येत नाही, कडेला ॲम्ब्युलन्स उभी असते आणि चुकले तर मोकळी माती असते. इंदूरचा बायपास असो की ताम्हिणीचा घाट, तिथे यातले काहीच नसते. तेव्हा निम्मे पैसे जरूर द्या, पण एका अटीवर: हौस ट्रॅकवरच, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी ब्रेक ऑइल बदलल्याची पावती आईच्या हातात.

पुढच्या अंकात : उन्हाळ्यात बॅटरी का बसते?