‘लाईन’ आणि तिच्या बहिणी

इंग्रजीतून मराठीच्या नित्य व्यवहारात आलेल्या शब्दांपैकी नागपूर जिल्ह्याच्या भिवापूर तहसिलीत अर्थांचा सर्वांत अधिक भार जर कोणता शब्द वाहत असेल, तर तो ‘लाईन’ होय. वीजपुरवठा खंडित झाला की ‘लाईन गेली’. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून २०१९ पर्यंत नागपूर–नागभीड गाडी भिवापूरवरून ज्या मार्गाने धावत असे, ती ‘छोटी लाईन’. रेशनच्या दुकानापुढे माणसे एकामागे एक उभी राहतात, तीही लाईन. आणि दहावी झालेल्या मुलाने पुढे कोणती विद्याशाखा पत्करली याची चौकशीसुद्धा ‘कोणती लाईन धरली?’ अशीच होते. जिल्ह्याच्या ठिकाणी तर एका वस्तीचे नावच पोलीस लाईन टाकळी आहे, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले जेथे होते तो भाग आजही सिव्हिल लाईन्स म्हणून ओळखला जातो.

इतके अर्थ एका शब्दावर लादूनही ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही, याचे श्रेय मराठी क्रियापदाचे आहे. लाईन ‘गेली’ किंवा ‘आली’ म्हटले की वीज, ‘ओढली’ किंवा ‘तुटली’ म्हटले की तार, ‘लावली’ म्हटले की माणसांची रांग, ‘आखली’ म्हटले की पायाच्या खोदाईसाठी टाकलेली चुन्याची रेघ, आणि ‘धरली’ म्हटले की धंदा अथवा शिक्षण. वीज या अर्थी लाईन ‘जाणे’ हा प्रयोग कोणा इंग्रजाने शिकविलेला नाही. तो इथल्या माणसाने आपल्या गरजेपोटी घडविला. शब्दाने लिंगही स्वीकारले ते ओळ, रांग, रेघ आणि तार या मराठी बहिणींचे पाहून, आणि एकदा स्त्रीलिंगी झाल्यावर तो या घरचाच झाला.

मूळ पाहू गेल्यास तेही फारसे परके नाही. लॅटिन भाषेत जवसाला ‘लिनुम’ म्हणत. त्या जवसाच्या वाखाचा धागा तो ‘लिनेआ’, आणि त्यापासून इंग्रजीतील हा शब्द. जवस हे नागपूर भागातील जुने रब्बी पीक आहे. आपण मात्र त्याचे तेल काढले, धागा कापसाचा घेतला. पण धाग्यावरून सरळपणाची कल्पना करण्याची बुद्धी आपल्या पूर्वजांनाही झालीच होती. म्हणून तर सूत्र हा शब्द दोऱ्यापासून निघून नियमापर्यंत पोहोचला, आणि इंचाचा आठवा हिस्सा सुताराच्या तोंडी अजून ‘सूत’ आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. रघुवीर यांनी नागपुरात राहून इंग्रजी पारिभाषिक शब्दांना संस्कृत धातूंवरून प्रतिशब्द घडविण्याचा जो प्रचंड उद्योग केला, त्याच्याविषयी मनात आदर बाळगूनही असे म्हणणे प्राप्त आहे की, शास्त्रास उपयोगी पडणारी ही रीत व्यवहारास पुरत नाही. भूमितीत रेषा हवीच. परंतु ‘रेषा गेली’ असे म्हणून अंधारात बसलेल्या घराचे समाधान होणार नाही. ज्या अर्थांनी लाईन मराठीत रुजली आहे, त्या अर्थांनी तिची नोंद मराठी कोशात, इंग्रजी कोशाचा आधार न घेता, क्रियापदांसह झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी चिंता वेगळी आहे. एक शब्द दहा ठिकाणी चालू लागला की दहा ठिकाणचे दहा शब्द हळूहळू बेकार होतात, आणि त्यांची तक्रार कोणत्याही कचेरीत नोंदली जात नाही. रांग उभ्या माणसांची, पंगत जेवावयास बसलेल्यांची, ओळ अक्षरांची, रेघ खडूची. कोशात शेजारी बसणारे हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि ही सूक्ष्मता हीच भाषेची मालमत्ता आहे. शेतात ती अधिकच बारीक होते. पेरलेल्या पिकाची ओळ ती ‘तास’, आणि अशा दोन तासांमधून कोळपणीचा डवरा चालतो. निंदणाऱ्या बाया ज्या पट्ट्याला लागतात ती ‘पात’. दोन शेतांमधला बांध तो ‘धुरा’. आणि शेतांकडे जाणारी वाट ती ‘पांदण’. यांपैकी पांदण सरकारी योजनेच्या नावात गेल्यामुळे दप्तरात तरली. धुरा तंटे-बखेड्यांच्या फिर्यादींमुळे जिवंत आहे. तास आणि पात यांना असा कोणीच वाली नाही. शाळेत जाणारी मुले त्या दोहोंनाही आता लाईन म्हणू लागली आहेत.

दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या अवधीत सात विभागांत निघाला. त्यानंतर शेतीची अवजारे बदलली, बियाणे बदलले, मजुरीची पद्धत बदलली. पण गावोगावचे शब्द टिपण्याचा उद्योग पुन्हा त्या तोडीने झाला, असे म्हणवत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यामुळे जे द्रव्य उपलब्ध होईल त्यातील काही हिस्सा प्राचीन ग्रंथांबरोबर बोलत्या तोंडांवरही खर्च व्हावा, अशी मागणी विदर्भाने केली पाहिजे. भिवापुरी मिरचीला भौगोलिक निर्देशांक मिळून तिचे नाव कायद्याने सुरक्षित झाले आहे. मिरची वाळवून तिची देठे खुडण्याचे काम जेथे चालते, त्या ‘सातऱ्या’चे नाव मात्र केवळ तिथे काम करणाऱ्या बायांच्या स्मरणावर अवलंबून आहे. विदर्भ साहित्य संघाने आणि तहसिलीतील महाविद्यालयांनी ऐन हंगामात मराठीचे विद्यार्थी या सातऱ्यांवर आणि निंदणीच्या शेतांवर पाठवावेत, शब्द, त्याचे क्रियापद आणि मौजाचे नाव अशी तीन रकान्यांची वही त्यांच्या हाती द्यावी, आणि त्या वहीत ‘तास’ आणि ‘लाईन’ या दोहोंनाही सारख्याच आदराने जागा असावी.