एका दाराचे घर आणि दोन चाके

पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून वस्तीत एक प्रश्न वारंवार निघतो: कामावर जायला इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी की घडीची सायकल? जाहिराती बोलतात ते बंगल्यापुढे गाडी लावणाऱ्यांशी. आपल्या दारापुढे चार फुटांची गल्ली असते. म्हणून हा हिशेब आपला आपणच मांडावा, असे आम्हाला वाटते.

स्कूटरचे गुण आम्ही नाकारत नाही. ती धूर सोडत नाही. नोकरी दहा-पंधरा किलोमीटरवर असेल, रात्रपाळी असेल, तर तिची मोठी सोय होते. दिवसभर ओझी वाहून थकलेल्या कामगाराला आम्ही सायकलचा उपदेश करणार नाही.

पण ती चार्ज कुठे करायची? बॅटरी निघत असेल तर आपण ती घरात आणतो, दाराजवळच्या बोर्डाला लावतो आणि झोपी जातो. लिथियमची बॅटरी बिघडून पेटली तर झपाट्याने भडकते, विषारी धूर सोडते, विझल्यासारखी वाटली तरी पुन्हा पेट घेऊ शकते. दार एकच आणि आग दारातच लागली, तर लेकरांनी बाहेर कुठून पडायचे? बॅटरी निघत नसेल तर खिडकीतून गल्लीत वायर सोडली जाते. पावसात तिचा शॉक शेजारच्या मुलालाही लागू शकतो.

म्हणून कंपनीचाच चार्जर वापरा. गाडी चालवून आल्यावर बॅटरी थंड होऊ द्या. सगळे झोपलेले असताना, दारात किंवा गादीजवळ ती चार्ज करू नका. फुगलेली, पाण्यात बुडालेली बॅटरी घरात ठेवूच नका.

घडीची सायकल दहा-पंधरा किलोची असते. दुमडली की खाटेखाली जाते, त्यामुळे रात्री चोरीची धास्ती नाही. वीज नको, लाखाच्या गाडीचा हप्ताही नको. मात्र तिची चाके लहान, खड्ड्यात दणका बसतो. सकाळच्या भरलेल्या लोकलमध्ये ती नेता येत नाही. घरात जागा असेल तर साधी सायकलही उत्तम.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. सायकलने जाताना पंधरा मिनिटे, येताना पंधरा. पाच दिवसांत 150 पूर्ण! दिवसभर बसून काम करणाऱ्यांना, साखर आणि रक्तदाब वाढलेल्यांना याहून स्वस्त औषध नाही. मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

आमचे मत स्पष्ट आहे. चार-पाच किलोमीटरपर्यंत सायकल, त्यापुढे स्कूटर. पण चार्जिंग घराबाहेर. विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या आवारात, उघड्यावर पण पावसापासून आडोशाला, स्वतंत्र मीटरचा चार्जिंग पॉइंट द्या, अशी मागणी वस्तीने मिळून नगरपालिकेकडे लेखी करावी. बंगल्यातल्या माणसाला मिळणारी सुरक्षितता वस्तीतल्या माणसालाही मिळाली पाहिजे. तोपर्यंत आज रात्री एवढे करा: बॅटरी दारातून हलवा.