बांधून ठेवलेलं इंजिन नवं नसतं

भात झोडून झालं की शेडमधल्या जुन्या जीप आठवतात. 1940च्या दशकाअखेर महिंद्राने विलीज जीप जोडायला घेतली, त्याच घराण्यातल्या या पेट्रोल गाड्या. इंजिन बांधून घेतलेलं असतं, पण गाडी दोन-चार पावसाळे उभीच. मग नवी बॅटरी जोडून थेट सेल्फ मारतात. माझं स्पष्ट मत, असं करू नका.

उभ्या इंजिनात बेअरिंगवरचं ऑइल खाली उतरतं. कर्जतच्या दमट हवेत रिंगा गंजून सिलिंडरला धरतात. कोरडं फिरलं की ओरखडे, बोअरचा खर्च पाण्यात.

आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, ऑइल बदला. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घाला, रात्रभर मुरू द्या. सकाळी पुढच्या हँडलने हळू फिरवा. अडलं तर जोर नको, मिस्त्रीला बोलवा. मोकळं फिरलं तर कॉईलची वायर काढून, प्लग बाहेरच ठेवून थोडा थोडा सेल्फ मारा. ऑइलचा काटा वर आला की मगच प्लग लावून चालू करा. चालू झाल्यावर काटा पडला तर लगेच बंद.

कोणी म्हणेल, एवढं कशाला? अहो, बांधणीचे पैसे भात विकून दिलेत. घाई लावणीला करावी, इथे नाही.