लढाई थांबल्यानंतरची पत्रे



दर वेळी आपण बी-बियाणे, खत आणि कीड-रोग यांविषयी बोलतो. आज विषय थोडा वेगळा घेतला आहे. पण शेवटपर्यंत वाचलेत तर हाही विषय शेतीचाच आहे, हे आपल्या ध्यानात येईल.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात फौजेत माणूस नाही असे गाव शोधूनच काढावे लागेल. शिरोळ तालुक्यातल्या एका टाकळीचे तर नावच सैनिक टाकळी पडले. राधानगरीच्या डोंगरकपारीतल्या वाड्यांवरही कितीतरी घरांत भिंतीवर गणवेशातला फोटो असतो आणि माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक असते. त्या ट्रंकेत खातेपुस्तक, सात-बाराचे जुने उतारे, पावत्या आणि सुतळीने बांधलेली पत्रांची चवड सापडते. कामानिमित्त घरोघरी जाताना अशा चवडी मी पाहिल्या आहेत. त्यांतली सर्वांत बोलकी पत्रे असतात ती लढाई थांबल्यानंतरची.

लढाई संपली म्हणजे शिपाई दुसऱ्या दिवशी गाडीत बसून घरी येतो, असे आपल्याला वाटते. तसे घडत नाही. बंदुका थांबतात, पण माणूस तिथेच राहतो. कधी जहाज मिळत नाही, कधी पहारा संपत नाही, कधी दुसरेच काम गळ्यात पडते. घरची माणसे म्हणतात, ‘आता लढाई नाही, मग हा येत का नाही?’ आणि तिकडे शिपाई दिवस मोजत पत्रे लिहीत बसतो.

दुसऱ्या महायुद्धाचेच पाहा. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने हार पत्करली आणि युद्ध संपले. पण जावा बेटावर, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, डच राज्य परत येऊ नये म्हणून तिथल्या लोकांनी १७ ऑगस्टलाच स्वातंत्र्य जाहीर केले होते. जपान्यांची शस्त्रे काढून घ्यायची आणि कैद्यांना सोडवायचे, या कामासाठी इंग्रजांनी तिथे हिंदी पलटणी पाठवल्या. त्यांत मराठा पलटणीची सहावी बटालियनही होती. ऑक्टोबरच्या शेवटी सुराबाया शहरात तिला पुन्हा लढावे लागले. इकडे आपल्याकडे भात कापणी चालू, दिवाळी तोंडावर आलेली, युद्ध संपून अडीच महिने झालेले. आणि तिकडे आपली माणसे गोळ्या खात होती, तीही स्वातंत्र्य मागणाऱ्या लोकांच्या. तिथून शेवटच्या हिंदी पलटणी निघाल्या त्या १९४६ च्या नोव्हेंबरात. जावा हा भाताचाच मुलूख. डोंगरउतारावर पायरी-पायरीची खाचरे आणि चिखलात वाकून रोप लावणाऱ्या बायका. राधानगरीच्या माणसाला हे पाहून घर आठवले नसेल तरच नवल.

१९७१ चेही तसेच. मराठा पलटणीच्या पहिल्या बटालियनने म्हणजे जंगी पलटणीने जमालपूरला मोठा पराक्रम केला. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. तरी तिथून आपल्या फौजेने निरोपाचे संचलन केले ते १२ मार्च १९७२ रोजी. पश्चिम सरहद्दीवरच्या जवानांना त्याहून जास्त थांबावे लागले. सिमल्याचा करार २ जुलै १९७२ ला झाला, पण काश्मीरमधली ताबारेषा ठरून दोन्हीकडच्या फौजा मागे सरायला डिसेंबर उजाडला. आणि १९७२ साल म्हणजे महाराष्ट्राच्या दुष्काळाचे साल. दुष्काळी तालुक्यातली आई-बायको खडी फोडायला जात होती, आणि मुलगा किंवा नवरा शांत झालेल्या सरहद्दीवर खंदकात बसून ‘पाऊस पडला काय?’ म्हणून विचारत होता. वाट पाहणे एकाच बाजूला नव्हते. पाकिस्तानचे त्र्याण्णव हजार कैदी आपल्याकडे होते, ते परत गेले १९७३-७४ मध्ये. त्यांच्याही घरी कुणी आई दाराकडे बघत असेलच.

आता ही पत्रे काय सांगतात ते पाहू. बहुतेकांची सुरुवात ठरलेली: ‘तीर्थस्वरूप आबांस, बालकाचा कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.’ पुढे ‘इकडील सर्व क्षेम, तुमचेकडील कळवावे.’ आणि मग एकामागून एक प्रश्न. तरवा कधी टाकला? लावण उरकली का? पैऱ्याला कोण कोण आले? खोंड धरला का, का अजून बुजतो? म्हैस कितव्या महिन्यात आहे? सोसायटीचा हप्ता भरला का? बांधाचा तंटा मिटला का? स्वतःविषयी दोन ओळी आणि शेताविषयी दोन पाने. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉरने उघडून वाचली आणि त्यांतल्या अनेकांची भाषांतरे सरकारी दप्तरात जपून राहिली. ती पत्रे मुख्यतः उत्तरेकडच्या पलटणींतल्या शेतकऱ्यांच्या मुलांची आहेत, पण त्यांतही पाऊस, जनावरे, कर्ज आणि भावकीचे तंटे हेच भरलेले आहे. फ्रान्समधल्या बायका शिकलेल्या आहेत आणि पुरुष लढाईवर असताना सगळी शेती त्या सांभाळतात, याचे त्यांना फार कौतुक वाटले आणि त्यांनी ते घरी लिहूनही कळवले.

पत्रात बायकोचे नाव नसे, हेही आपणांस ठाऊक आहे. पत्र वाचायचे पोस्टमनने किंवा शाळेच्या गुरुजींनी, ओसरीवर, चारचौघांत. जिच्यासाठी निम्मे पत्र लिहिलेले, ती दाराआड उभी. मग ‘घरात सर्वांस सांगणे’ एवढ्या शब्दांत तिने आपला वाटा ओळखायचा. तिचे उत्तरही दुसऱ्याच्या हातचे. मनात असलेले किती लिहून होणार? मनीऑर्डरच्या कुपनावर तर दोनच ओळींची जागा.

माझ्या मते सगळी अडचण इथेच होती. शिपाई लिहायचा ‘इकडील सर्व क्षेम’, कारण घरच्यांना घोर नको. शिवाय सेन्सॉरची कात्री होतीच. आणि घरची माणसे लिहायची ‘इकडे सर्व ठीक’, कारण परमुलखात त्याला काळजी नको. दोन्हीकडून माया, आणि दोन्हीकडून खरी गोष्ट झाकलेली. बैल विकला तरी ‘बैल बरे आहेत’. जमीन गहाण पडली तरी ‘शेत चांगले आहे’. मग तो माणूस दीड-दोन वर्षांनी दारात उभा राहतो, गोठ्यात डोकावतो, आणि लढाईत बसला नसेल असा धक्का त्याला तिथे बसतो.

याचे सर्वांत कठीण उदाहरण १९१८ चे आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कूत गावच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण जाऊन तुर्कांच्या कैदेत गेल्या. उपासमार आणि आजार यांत पुष्कळ माणसे तिकडेच गेली. ३० ऑक्टोबर १९१८ ला तुर्कस्तानशी युद्ध थांबले, ११ नोव्हेंबरला जर्मनीशी. पण त्याच साली मुंबई इलाख्यात पावसाने दगा दिला होता, आणि इन्फ्लुएंझाची साथ ऑक्टोबरात घरोघर फिरून गेली होती. हिंदुस्थानात या साथीने एक कोटीहून जास्त माणसे नेली. त्यांत तरुण माणसे फार, आणि आपल्याकडे बायका पुरुषांपेक्षा जास्त. म्हणजे शिपाई ज्या दिवशी ‘आता लढाई थांबली, लवकरच येतो’ असे लिहायला बसला, त्या दिवशी कित्येक घरांत ते पत्र ऐकणारी राहिली नव्हती. सुटका तरी लगेच कुठे झाली? १९२० साली इराकात उठाव झाला, तेव्हाही हिंदी पलटणी तिथेच होत्या. त्या घरांतल्या मागे राहिलेल्यांनी काय कळवले असेल आणि काय झाकले असेल, याचा विचार आपणच करा.

आज तार नाही, ती सेवा २०१३ साली बंद झाली. आता मोबाईलवर समोरासमोर बोलता येते. पण ‘सर्व क्षेम’ म्हणण्याची सवय मात्र गेलेली नाही. आजही जवानाचा फोन आला की सोयाबीन पाण्यात गेलेले, सोसायटीची नोटीस आलेली, म्हातारी अंथरुणाला खिळलेली, हे सांगायचे टाळले जाते. तिकडून तोही काही सांगत नाही. म्हणून ज्यांच्या घरचा माणूस फौजेत आहे, त्यांना माझे कळकळीचे सांगणे असे.

पहिली गोष्ट, खरे कळवा. वाईट बातमी एकदम अंगावर टाकू नये हे बरोबर, पण ती झाकूनही ठेवू नये. एक वही घाला. कोणत्या तारखेला काय पेरले, बी किती लागले, मजुरी किती गेली, कर्ज किती उचलले, माल किती झाला आणि काय भावाने गेला, हे तिच्यात लिहा. दर महिन्याला त्यातले चार आकडे त्याला कळवा. ज्याला घरचा हिशेब ठाऊक आहे, तो परत आल्यावर घरात परका वाटत नाही.

दुसरी गोष्ट जवानांसाठी. लांबून शेती चालवू नका. पूर्वी पत्राला इतके दिवस लागत की पेरणीचा सल्ला काढणीला पोचायचा. आज फोन लगेच लागतो, पण वाफसा फोनवर दिसत नाही. तो बांधावर उभ्या असलेल्या माणसालाच कळतो. ती बांधावरची व्यक्ती बहुतेक घरांत तुमची बायको किंवा आई असते. निर्णय तिला घेऊ द्या. बँक, सोसायटी आणि तलाठी यांच्याकडची कामे अडू नयेत म्हणून रजेवर आलात की तिच्या नावे रीतसर मुखत्यारपत्र करून ठेवा.

तिसरी गोष्ट बांधाच्या आणि वाटणीच्या तंट्यांची. माणूस सरहद्दीवर आहे हे पाहून दावा लावणारे भाऊबंद पूर्वी होते, आजही आहेत. युद्धकाळात किंवा तशाच खास कामगिरीवर असलेल्या सैनिकाविरुद्धचा दिवाणी अथवा महसुली दावा तहकूब ठेवण्याची तरतूद १९२५ च्या कायद्यात आहे. नोटीस आली तर घाबरून कुठे सही-अंगठा करू नका. कागद घेऊन कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, आणि त्याच्या पलटणीलाही कळवा.

चौथी गोष्ट जुन्या पत्रांची. आपल्याकडचा पाऊस कागदाचा वैरी. ट्रंकेतली पत्रे दिवाळीनंतर कोरड्या हवेत सावलीत पसरा, उन्हात नको. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत ओल धरते. स्वच्छ सुती कापडात बांधा. पाकिटे फेकू नका, कारण फौजी टपालाचा शिक्का आणि तारीख पाकिटावरच असते. आणि घरातले कुणी जाणते माणूस असेल तोवर हे पत्र कुणाचे, कुणाला आणि त्या वेळी घरी काय चालले होते, हे त्याला विचारून वेगळ्या कागदावर उतरवून ठेवा. त्या पत्रांत तुमच्या शेताचा इतिहास आहे. कोणत्या साली कोणत्या खाचरात कोणते भात होते, कुठल्या साली ऊस आला, पाऊस कधी लांबला, हे दुसऱ्या कुठल्या दप्तरात इतक्या बारकाईने सापडणार नाही.

शेवटचे सांगणे थोडे नाजूक आहे. माणूस परत आला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि दुसऱ्याच दिवशी सगळा कारभार त्याच्या हाती देतात. किंवा तोच हिशेब मागायला बसतो. दोन्ही घाई बरी नाही. इतके दिवस जिने औत-पाणी, देणेकरी आणि पावणेरावळे सांभाळले, तिला विचारल्याशिवाय एक पीकही बदलू नये. त्याने एक हंगाम तिच्या बरोबरीने काम करावे. तरवा टाकण्यापासून पिंजर रचण्यापर्यंत सगळे पुन्हा डोळ्यांखालून घालावे. दाराआड उभे राहून ऐकलेल्या पत्रांची खरी उत्तरे त्या हंगामात बांधावर बसून तिला देता येतील, आणि त्यालाही.

कळावे, लोभ असावा.